हरळी

आमच्या घरात एकाच गवताला दोन नावे होती. भाद्रपदात गणपती आले की आई पहाटे ओल्या बांधावर जाऊन तीन-तीन पात्यांच्या एकवीस दूर्वा खुडून आणी आणि ती जुडी पाण्याने भरलेल्या तांब्यात ठेवी. तेच गवत आषाढात बांधावरून भाताच्या खाचरात शिरू लागले की बाबा त्याला हरळी म्हणत. ते कुदळीने तिची मुळी खणत, हाताने झटकत आणि उन्हात दगडावर टाकत. जमिनीत मुळीचे एक पेर राहिले तरी महिन्याभरात तिचे जाळे पुन्हा होते, म्हणून हे काम ते कुणावर सोपवत नसत. देवाला प्रिय आणि शेतकऱ्याला वैरी असलेल्या या गवताचे तिसरे नाव मला वयाच्या पस्तिशीत समजले. ते समजले चेंबूरच्या गोल्फच्या मैदानावर, आणि तेव्हाही बाबा माझ्याबरोबर होते.

पालघरहून मनोरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या अंगाला आमचे गाव आहे. भाताची जमीन थोडी, पण घरामागच्या टेकाडावर तीन एकर वरकस होते. ज्या जमिनीत भात होत नाही, फार तर नाचणी किंवा वरी होते, तिला आमच्याकडे वरकस म्हणतात. आमच्या वरकसात नाचणीही क्वचितच होई. तेथे गवत वाढे. पावसाळ्याच्या अखेरीस पवना, मारवेल आणि कुसळी कमरेइतकी उंच होत. दसऱ्याच्या सुमारास त्यांचा हिरवा रंग उतरून तांबूस होई आणि वारा आला की सारे टेकाड एका दिशेने वाकून पुन्हा उभे राही. आज बोईसर म्हटले की लोकांना कारखान्यांची धुराडी आठवतात आणि तारापूर म्हटले की १९६९ मध्ये सुरू झालेले अणुवीज केंद्र आठवते. परंतु त्याआधी या पट्ट्याची ओळख सांगायची तर त्यात गवताला मानाचे स्थान द्यावे लागले असते. मुंबईतील तबेल्यांच्या म्हशी आणि व्हिक्टोरिया गाड्यांचे घोडे जे गवत खात, त्यातील पुष्कळसे आमच्या जिल्ह्यातून मालगाडीने जाई.

बाबा हिवाळ्याचे चार महिने स्टेशनाजवळच्या गवताच्या वखारीत कामाला असत. गावोगावचे गवत बैलगाड्यांतून तेथे येई, त्याच्या गंजी रचल्या जात आणि मग ते दाबयंत्रात घालून त्याच्या गाठी बांधल्या जात. बाबा संध्याकाळी घरी येत तेव्हा त्यांच्या सदऱ्यात, केसांत, कधी कधी पापण्यांतही कुसळे रुतलेली असत. आई चिमणीच्या उजेडात ती एकेक वेचून काढी. कुसळीच्या बीला मागे पिळदार शेपूट आणि पुढे सुईसारखे टोक असते. ओल लागली की ती शेपूट पीळ सोडते आणि बी स्वतःच फिरत फिरत जमिनीत घुसते. कापडात घुसते तेही याच युक्तीने. बाबा म्हणत, "गवताला पाय नाय, म्हणून ते दुसऱ्याच्या कपड्यावर बसून जाते."

या गवताला एक इतिहास आहे आणि तो बाबांनी लहानपणी डोळ्यांनी पाहिला होता. १९४५ साली ते दहा वर्षांचे होते. तलासरी, डहाणू, उंबरगाव या भागात वारली समाज सावकार-जमीनदारांच्या वेठबिगारीत अडकलेला होता. लग्नासाठी घेतलेल्या थोड्याशा कर्जापायी नवराबायको वर्षानुवर्षे धन्याच्या घरी राबत, त्यांना 'लग्नगडी' म्हणत. २३ मे १९४५ रोजी झरी गावी वारल्यांची परिषद भरली आणि वेठ करणार नाही अशी प्रतिज्ञा हजारोंनी घेतली. त्याच वर्षी गवतकापणीचा हंगाम येताच मजुरी वाढवून मिळाल्याशिवाय विळा चालणार नाही, असा निर्धार झाला. गवत उभ्याउभ्या वाळू लागले. १० ऑक्टोबर रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात जेठ्या गांगड व त्यांचे साथीदार मारले गेले. गोदावरी परुळेकर यांनी या लढ्याची हकीकत 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात सांगितली आहे. या पुस्तकाला १९७२ चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले. बाबांनी ते पुस्तक वाचले नव्हते, त्यांना वाचता येत नव्हते. त्यांच्या आठवणीत एवढेच होते की त्या वर्षी दिवाळीपर्यंत टेकाडे कापली गेली नाहीत आणि मोठी माणसे रात्री दिवा न लावता बोलत बसत. 'गवतासाठी माणसे मेली' हे वाक्य ते कधी आवाज चढवून बोलले नाहीत. पाऊस लवकर गेला असे सांगावे, त्याच सुरात ते सांगत.

मी गवतात गेलो नाही. शाळा शिकलो आणि बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत एका रसायनाच्या कारखान्यात नोकरीला लागलो. विळा दादाच्या हाती राहिला. त्याबद्दल आमच्यात कधी बोलणे झाले नाही, परंतु दिवाळीच्या सुटीत मी घरी गेलो की दादा माझ्या हातांकडे पाही, असे मला वाटत असे. कदाचित तो पाहत नसेलही. अपराधी माणसाला सगळ्यांचे डोळे आपल्यावर रोखलेले दिसतात.

१९९६ साली बाबांच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. त्यासाठी ते माझ्या बहिणीकडे चेंबूरला राहिले होते. पट्टी निघाल्यावर त्यांना घरात करमेना. आमच्या गावचा एक माणूस तेथील गोल्फच्या मैदानावर माळीकाम करी. तो भेटायला आला आणि म्हणाला, "काका, आज देखभालीसाठी खेळ बंद आहे. चला, मैदान दाखवतो." अशा रीतीने आम्ही दोघे मागच्या फाटकाने आत गेलो.

बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ सालचा. हा खेळ आपल्याकडे त्याच्याही पुष्कळ आधी आला. कलकत्त्याचा क्लब १८२९ चा आहे आणि ब्रिटिश बेटांबाहेरचा तो सर्वांत जुना मानला जातो. मुंबईत १८४२ मध्ये गोल्फचा क्लब निघाला. या खेळाचा जन्म स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरचा. तेथील वाळूच्या, खारट वाऱ्याच्या, शेती न होणाऱ्या पट्ट्यात मेंढ्या गवत कुरतडून आखूड करीत आणि त्या आखूड गवतावर माणसे चेंडू मारीत. समुद्रकाठच्या अशा उघड्या मैदानांना 'लिंक्स' म्हणतात. पुढे खेळ देशाच्या आत आला तेव्हा तो जमीनदारांच्या वाड्यांभोवतीच्या राखीव उद्यानांत शिरला. तेथे मोठी झाडे होती, तळी होती, काळी सुपीक माती होती. अशा वृक्षराजीतल्या मैदानाला 'पार्कलँड' असे नाव पडले. चेंबूरचे मैदान या दुसऱ्या जातीचे आहे. भोवती मुंबईची दाटी आणि आत पर्जन्यवृक्षांच्या सावल्या, त्यांच्यामधून वळणे घेत गेलेले हिरवे पट्टे.

बाबा फाटकातच थांबले. इतके गवत आणि एकही गुरू नाही, हे त्यांच्या मनाला पटेना. माळीदादांनी आम्हांला मैदानाची रचना समजावून सांगितली. जेथून पहिला टोला मारतात ती जागा 'टी'. तेथून लांब जाणारा, बेताने कापलेल्या गवताचा पट्टा तो 'फेअरवे'. त्याच्या दोन्ही बाजूंना वाढू दिलेले गवत तो 'रफ'. सर्वांच्या शेवटी 'ग्रीन', म्हणजे गालिच्यासारखी गुळगुळीत हिरवळ आणि तिच्यात १०८ मिलिमीटर व्यासाचे एक छिद्र. अशी अठरा छिद्रे पुरी केली की एक डाव होतो. ग्रीनवरचे गवत तीनचार मिलिमीटरपेक्षा वाढू देत नाहीत, म्हणून त्यावर रोज यंत्र फिरवावे लागते. माळीदादा म्हणाले, "मी गेली अठरा वर्षे रोज तेच गवत कापतो."

बाबा ग्रीनच्या कडेला उकिडवे बसले. ऑपरेशन झालेला डोळा त्यांनी हिरवळीच्या अगदी जवळ नेला, दोन बोटांनी एक धागा उचलला आणि पेर चाचपले. मग ते हसले.

"अरे, ही तर हरळी."

"हो काका," माळीदादा म्हणाले, "साहेब लोक हिला बर्म्युडा म्हणतात."

बर्म्युडा हे अटलांटिक महासागरातील बेटांचे नाव आहे. गवत मात्र जुन्या जगातले आणि वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने आपली दूर्वाच. तिच्या निवडक आणि संकरित जाती उष्ण प्रदेशांतील गोल्फ मैदानांवर लावतात. कारण तिच्या अंगी तेच गुण आहेत ज्यांच्यामुळे बाबा तिला शिव्या देत. ती जमिनीलगत पसरते, तुडवली तरी मरत नाही, कापली की अधिक दाट होते आणि मुळीच्या तुकड्यातूनही पुन्हा उगवते. बाबांनी जन्मभर जिला खणून काढले, तिलाच येथे खत आणि पाणी घालून, औषध फवारून जपले जात होते. तिच्यात चुकून दुसरे गवत उगवले तर ते तण ठरून उपटले जात होते.

बाबांनी एकच प्रश्न विचारला. "ह्याला बी नाय धरू देत?"

"नाही काका. बी धरलं तर चेंडू नीट घरंगळत नाही."

परतताना बाबा बराच वेळ गप्प होते. त्यांना राग आला असेल, असे मला वाटले. एवढे पाणी, एवढी जमीन आणि एवढी मजुरी कशासाठी, असा प्रश्न त्यांच्या मनात असेल, अशी मी माझ्यापुरती समजूत करून घेतली आणि त्या समजुतीवर मनात एक लहानसे भाषणही रचले. बसमध्ये ते म्हणाले, "कापणी मात्र सुरेख होती. एवढी सारखी कापणी मी नाय पाहिली." त्यानंतर थोड्या वेळाने म्हणाले, "पण बी धरू द्यायला पायजे होतं." माझे भाषण जागच्या जागी राहिले. कारागिराला दुसऱ्याचे कसब आधी दिसते आणि दोष नंतर, हे मी त्या दिवशी शिकलो. गवत कापायचे तर आधी त्याला बी धरू द्यावे, ते थोडे जमिनीवर सांडू द्यावे आणि मग विळा लावावा, म्हणजे पुढच्या वर्षीचे गवत आपोआप येते, हा बाबांचा नेम होता. त्यांच्या लेखी तो शेतीचा नियम होता. मला तो हळूहळू त्याहून मोठा वाटू लागला.

गोल्फच्या मैदानाशी माझी दुसरी गाठ निराळ्याच निमित्ताने पडली. कारखान्याच्या पाळ्या सांभाळत मी मुक्त विद्यापीठातून बी.ए. झालो. रात्रपाळीच्या उत्तररात्री यंत्रांच्या घरघरीत पाठ्यपुस्तिका वाचल्या. त्यांच्या पानांवर अजूनही रसायनाचे पिवळे डाग आहेत. पदवीदानासाठी २००२ साली नाशिकला गेलो आणि सकाळी फिरायला बाहेर पडलो. एका रिक्षावाल्याला विचारले, तेव्हा तो म्हणाला, "गोल्फ क्लबवर जा, सगळे तिथेच फिरतात." चेंबूरची आठवण होऊन मी जरा दबकतच गेलो. तेथे फाटकावर अडवणारा कुणी नव्हता. आजीआजोबा फेऱ्या मारीत होते, मुले धावत होती, एका कोपऱ्यात क्रिकेटचा सराव चालला होता. गोल्फ खेळणारा मात्र एकही नव्हता. इंग्रजी अमलात साहेब लोक जेथे गोल्फ खेळत, ते मैदान आता साऱ्या शहराचे झाले आहे. तेथे सभा होतात, रणजी सामने होतात. त्याचे अधिकृत नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. ज्या तरुणाने २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या आणि जो पुढल्या एप्रिलात ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेला, त्याचे नाव साहेबांच्या खेळाच्या जागेला लाभले आहे. तरीही लोकांच्या तोंडी 'गोल्फ क्लब' हेच नाव राहिले आहे. खेळ गेला, मालक गेले, नाव तेवढे उरले आणि तेही निरुपद्रवी होऊन. जमिनीचा धनी बदलला की तिच्यावरच्या गवताचा अर्थ बदलतो, हे मला त्या सकाळी पदवीच्या आनंदात प्रथम जाणवले. गावी गेल्यावर बाबांना हे सांगितले. ते म्हणाले, "मग तिथं गुरं चरतात का?" मी नाही म्हणालो. "मग अजून थोडं राहिलंय," ते म्हणाले.

बाबा २००८ साली गेले. त्यांनी न पाहिलेले तिसरे मैदान मी २०१९ मध्ये आयर्लंडमध्ये पाहिले. माझी धाकटी मुलगी परिचारिका आहे. आयर्लंडच्या पश्चिम भागातील मेयो परगण्यात ती नोकरी करते. तिच्याकडे मी महिनाभर राहिलो. तिच्या घरमालकांचे वय सत्तरीच्या पुढचे, मूळ शेतकरी. ते मला एका दुपारी आपल्या क्लबवर घेऊन गेले. क्लब म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर गणवेशातले नोकर आले होते. तेथे एक बैठी इमारत होती, चहाची किटली होती आणि भिंतीवर फुटबॉल संघांच्या छायाचित्रांशेजारी दिवंगत सभासदांची नावे होती. दाराजवळ एक पत्र्याची पेटी होती. कार्यालयात कुणी नसेल तर बाहेरच्या खेळाडूने खेळाचे शुल्क पाकिटात घालून त्या पेटीत टाकायचे आणि खेळायला जायचे. त्याने पैसे टाकले की नाही, हे पाहायला कुणी नसे. ज्या दोघांनी मला नमस्काराऐवजी टोपी उचलून दाखवली, त्यांच्यापैकी एक गावचा पोस्टमन होता आणि दुसरा मेंढपाळ. वर्गणी भरणारे तेच, खेळणारे तेच आणि वादळात पडलेल्या फांद्या शनिवारी जमून उचलणारेही तेच.

मैदान पार्कलँड जातीचे होते. बीच आणि ओक यांचे जुने वृक्ष एकमेकांपासून अंतर राखून उभे होते, जणू ते एखाद्या श्रीमंताच्या खिडकीतून दिसावेत अशा बेताने लावले असावेत. मी तसे म्हणालो. आजोबा म्हणाले, "तसेच लावले होते." येथे जमीनदाराचे उद्यान होते आणि त्यांचे पणजोबा त्याच्या भिंतीबाहेर खंडाने जमीन कसत. मग त्यांनी मला या परगण्याची एक जुनी गोष्ट सांगितली, आणि तिचा शेवट मला ठाऊक होता, कारण तो आमच्या भाषेतही शिरलेला शब्द आहे. मेयो परगण्यातच, लॉक मास्क सरोवराकाठी, लॉर्ड अर्न याच्या इस्टेटीचा कारभारी कॅप्टन बॉयकॉट राहत होता. १८८० च्या शरदात कुळांनी खंडात सूट मागितली आणि ती पुरेशी मिळाली नाही. तेव्हा मजुरांनी त्याचे पीक काढण्यास नकार दिला, दुकानदारांनी माल देणे थांबवले, कुणी त्याच्याशी बोलेना. अखेर उत्तरेकडून पन्नास मजूर आणावे लागले. त्यांच्या संरक्षणासाठी सुमारे हजार सैनिक व पोलीस उभे राहिले आणि पिकाच्या किमतीच्या कित्येक पट खर्च होऊन ते पीक निघाले. बॉयकॉटचे आडनाव जगाच्या शब्दकोशांत गेले. पुढे जमीनखरेदीचे कायदे झाले, त्यांतला मोठा कायदा १९०३ चा. त्यानंतर कुळे जमिनीची मालक होत गेली.

मी त्यांना तलवाड्याची गोष्ट सांगितली. माझे इंग्रजी कारखान्याच्या कागदपत्रांपुरते, तरी गवत, विळा, मजुरी आणि गोळी या चार शब्दांवर ती पुष्कळशी सांगता आली. मध्ये पासष्ट वर्षांचे आणि दोन महासागरांचे अंतर, पण उभ्या पिकासमोर विळा खाली ठेवणे ही कृती तीच. आजोबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, "तुमच्याकडे आता ते गवत कोण कापते?"

"माझा मोठा भाऊ," मी म्हणालो.

"आणि तुम्ही?"

मी झाडांकडे पाहिले. त्या दुपारी मला वाटले की मी गवताविषयी खूप वाचले, खूप सांगितले, पण तीस वर्षांत एक भाराही बांधला नाही.

हा प्रश्न घेऊन मी परत आलो आणि दोन वर्षांत तो दादाने अधिक स्पष्ट शब्दांत विचारला. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचे एक स्थानक बोईसरला होणार, नवा द्रुतगती महामार्ग जिल्ह्यातून जाणार, यामुळे आमच्या भागातील जमिनींचे भाव चढले होते. शहरातील एका व्यावसायिकाला टेकाडावर सुटीची घरे बांधायची होती. दादाने माझ्यासमोर एक गुळगुळीत पुस्तिका ठेवली. तिच्यावर हिरवळीचे चित्र होते आणि एका कोपऱ्यात गोल्फची काठी घेऊन उभा असलेला माणूस. तीन एकर वरकसाच्या सातबाऱ्यावर आम्हां दोघा भावांची नावे. बहिणीने हक्कसोड पूर्वीच करून दिली होती. माझ्या सहीवाचून व्यवहार होणार नव्हता.

मी जे बोललो ते आज आठवून मला संकोच वाटतो. बाबांचे श्रम, गवताचा इतिहास, जेठ्या गांगड यांचे बलिदान असे सारे मी दादाला ऐकवले. दादाने शांतपणे ऐकले. मग तो म्हणाला, "गवताला आता गिऱ्हाईक नाही. कापणीची मजुरी गवताच्या किमतीपेक्षा जास्त होते. गेल्या दोन वर्षांत कापलं नाही, वणव्यात गेलं. तुला पेन्शन नाही हे खरं, पण फंड मिळाला. मला काय मिळालं? तुला गवत हवं असेल तर तू कापायला येणार आहेस का?"

त्याच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता, म्हणूनच ते लागले. ज्याने विळा टाकला त्याने विळा धरणाऱ्याला गवताचे माहात्म्य सांगावे, यासारखी विसंगती नाही. वारल्यांनी १९४५ साली मजुरी वाढवून मागितली, ती गवत पवित्र आहे म्हणून नव्हे. त्यांना त्या श्रमावर माणसासारखे जगायचे होते. दादाचे म्हणणे त्याहून वेगळे नव्हते. त्याच्या श्रमाला भाव उरला नव्हता आणि त्याच्या जमिनीला भाव आला होता.

आम्ही वाटणी करून घेतली. दादाने आपला दीड एकर विकला. त्या पैशातून त्याच्या नातवाचे शिक्षण मार्गी लागले आणि घराला पक्के छप्पर आले. त्याने योग्य तेच केले, असे मी आज कोणत्याही आडपडद्याशिवाय म्हणू शकतो. माझा दीड एकर मी ठेवला. तो ठेवण्यात त्याग नव्हता, मला त्या पैशाची तातडी नव्हती, एवढेच. परंतु दादाच्या प्रश्नाचे उत्तर देणे भाग होते. निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या दसऱ्याला मी विळा घेऊन टेकाडावर गेलो. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत अर्धा भारा झाला आणि तळहाताला चार फोड आले. दादा बांधावर बसून पाहत होता. शेवटी उठून आला, माझ्या हातातला विळा घेतला आणि म्हणाला, "मूठ अशी धर. आणि आधी बी सांडू दे. घाई कशाला करतोस?"

आता दरवर्षी आम्ही दोघे मिळून कापतो. मजुरीचा हिशेब केला तर व्यवहार तोट्याचा आहे. गवत शेजारच्या गावातील एक गोठेवाला नेतो आणि त्याबदल्यात वर्षभर शेणखत देतो. ते भाताच्या खाचरात पडते. या व्यवस्थेवर गावाचे अर्थकारण उभे राहणार नाही, हे मला कळते.

तारेच्या कुंपणापलीकडे सुटीची घरे झाली आहेत. पुस्तिकेतला गोल्फचा माणूस काही आला नाही, पण हिरवळ आली. बर्म्युडाच्या वड्या कापून आणून शेजारीशेजारी बसवल्या, त्यांवर फवारे लावले आणि यंत्र फिरू लागले. ते काम करायला आमच्याच गावातील दोन मुले आहेत. त्यांना महिन्याचा पगार मिळतो आणि त्यांची कापणी सारखी असते, बाबांना आवडली असती अशी. माझी तक्रार असेल तर ती त्या मुलांविरुद्ध नाही आणि हिरवळीविरुद्धही नाही. चेंबूरच्या फाटकातून बाबा मागच्या दाराने आत गेले, नाशिकला मी पुढच्या दाराने गेलो आणि मेयोच्या क्लबात पत्र्याची एक पेटी माणसांवर विश्वास ठेवून उभी होती. गवत तिन्ही ठिकाणी आखूडच कापलेले होते. फरक होता तो फाटकात.

गेल्या मार्गशीर्षात त्या घरांचा व्यवस्थापक माझ्याकडे आला. मनुष्य सभ्य होता. म्हणाला, "काका, राग मानू नका, पण तुमच्या बाजूच्या गवताचं बी उडून आमच्या लॉनमध्ये येतं. मुलांच्या पायांना कुसळं टोचतात. तुम्ही ते बी धरायच्या आधी कापाल का?"

मी त्याला चहा दिला. मुलांच्या पायांना टोचते हे खरे, म्हणून कुंपणालगतची दहा फुटांची पट्टी लवकर कापण्याचे मी कबूल केले आणि ते पाळले. बाकीचे गवत मात्र दसऱ्यापर्यंत उभे असते. आणि त्याच कुंपणाखालून त्यांची बर्म्युडा माझ्या बाजूला बोटभर आत आली आहे. बाबा असते तर कुदळ घेऊन बसले असते. मी यंदा ती खणली नाही. भाद्रपद जवळ आला होता. तिच्यातल्याच एकवीस दूर्वा मी खुडल्या आणि दादाच्या घरी गणपतीला नेऊन दिल्या.